प्रयोगाचा खर्च कोणी सोसावा?

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील कास्तकाराला वर्षातील सर्वांत मोठा निर्णय चार-आठ दिवसांत घ्यावा लागतो. कोणते बियाणे पेरावयाचे, कपाशीच्या ओळींत तूर किती ठेवावयाची, खताच्या किती पिशव्या उधारीवर उचलावयाच्या, हे एकदा ठरले की पुढच्या मृगापर्यंत त्यात फेरफार करण्यास फारसा वाव राहत नाही. कापडाचा व्यापारी नव्या तऱ्हेचे चार तागे मागवून पाहतो. ते खपले नाहीत तर दुकानातील बाकीचा माल त्याचा तोटा भरून काढतो. कारखान्याजवळ प्रयोगशाळा असते व तिचा खर्च मालाच्या किमतीत मिसळून जातो. पाच एकर कोरडवाहू जमिनीच्या धन्याला मात्र प्रयोगासाठी निराळी जागा नसते. ज्या शेतात प्रयोग करावयाचा, त्याच शेतावर घरची चूल, मुलांचे शिक्षण आणि सोसायटीचे कर्ज अवलंबून असते. प्रयोग फसला तर वर्ष फसते.

शेतीसुधारणेचा विषय शहरात निघाला म्हणजे शेतकरी जुन्याला चिकटून बसतो, असा अभिप्राय पुष्कळदा ऐकू येतो. कापसाच्या इतिहासात त्याला आधार सापडत नाही. बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बी. टी. कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांच्या आत देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्र त्या बियाण्याखाली आले. ज्या नव्या गोष्टीचा लाभ त्याच हंगामात डोळ्यांना दिसतो, ती कास्तकार आपण होऊन उचलतो. अडचण येते ती ज्यांचा लाभ उशिरा आणि खर्च आधी, अशा सुधारणांची. शाश्वत शेती म्हणून जिला संबोधतात, ती नेमकी ह्याच प्रकारात मोडते.

शाश्वत शेती म्हणजे जमिनीचा कस, भूगर्भातील पाणी आणि राबणाऱ्या माणसांचे आरोग्य खर्ची न घालता पिढ्यान्‌पिढ्या चालू शकेल अशी शेती. तिच्यातील एकेक गोष्ट ऐकावयास साधी वाटते. उताराला आडवी पेरणी करावी, म्हणजे पाणी व माती शेतातच राहते. रुंद वरंबे व सऱ्या पाडाव्यात, म्हणजे अतिवृष्टीत पाणी निघून जाते व उघडीप पडली तर ओल टिकते. शेणखत, कंपोस्ट व हिरवळीचे खत द्यावे. कपाशीबरोबर तूर, मूग किंवा उडीद घ्यावा. किडीची संख्या मोजल्याशिवाय फवारणी करू नये. परंतु जमिनीतील सेंद्रिय द्रव्य एका पावसाळ्यात वाढत नाही. रासायनिक खत एकाएकी बंद केले तर पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न घटण्याचा संभव असतो. कंपोस्टसाठी गुरे हवीत, गुरांसाठी चारा हवा आणि हे सर्व करावयास मजूर हवेत. मधल्या दोन-तीन वर्षांतील तूट कोणी भरून द्यावयाची, हा शाश्वत शेतीचा पहिला आर्थिक प्रश्न होय.

यवतमाळ जिल्ह्यात तो अधिक तीव्र होतो, ह्याचे कारण तेथील जमीन व पाणी ह्यांत आहे. एका अंगाने वर्धा नदी आणि दक्षिणेला पैनगंगा, अशा दोन नद्यांमधील ह्या मुलखात नदीकाठची काळी, भारी जमीन आहे, तशी टेकड्यांच्या उतारावरील बरडही आहे. बरड जमिनीत पाऊस चार आठवडे दडला की पऱ्हाटी माना टाकते. जिल्ह्यातील बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे. राळेगाव, केळापूर, झरी जामणी, घाटंजी ह्या भागांत कोलाम, गोंड, परधान व बंजारा समाजांतील अनेक कुटुंबे अशाच जमिनी कसतात. कित्येक जण तर दुसऱ्याचे शेत मक्त्याने करतात. कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके असून तिन्हींचा भाव दूरच्या बाजारात ठरतो. कर्ज आणि नापिकी ह्यांच्या कात्रीत सापडून ह्या जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांनी आपले जीवन संपविले, हे दुःख सर्व देशाला ठाऊक आहे. अशा ठिकाणी नव्या पद्धतीचा केवळ उपदेश करणे पुरेसे नाही.

प्रयोगाचा खर्च सर्वांनी मिळून उचलावा, ही कल्पना कापसाच्या धंद्याला नवी नाही. १९२१ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि १९२३ च्या कायद्याने, परदेशी जाणाऱ्या व देशातील गिरण्यांत लागणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर काही आण्यांचा उपकर बसविण्यात आला. ह्या समितीत सरकारी शेतीखाती, व्यापारी, गिरणीवाले आणि कापूस पिकविणारे अशा सर्वांचे प्रतिनिधी बसत. त्या पैशातून मुंबईत माटुंगा येथे १९२४ साली कापसाच्या धाग्याची परीक्षा करणारी प्रयोगशाळा निघाली. त्याच वर्षी इंदूर येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली. तिला समितीच्या अनुदानाबरोबरच मध्य हिंदुस्थानातील संस्थानांचीही वर्गणी मिळे.

इंदूरच्या ह्या संस्थेचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची जी रीत बसविली, ती पुढे इंदूर पद्धत ह्या नावाने जगभर गेली; १९३१ साली त्या दोघांचे ह्या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. कपाशीची पऱ्हाटी वाळली म्हणजे लाकडासारखी टणक होते आणि लवकर कुजत नाही. ती रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडली जाऊ द्यावी, मग गुरांखाली अंथरावी आणि शेण, मूत्र भिजलेली माती व राख ह्यांच्याबरोबर कुजवावी, असा तो उपाय होता. आज जगभर ज्या सेंद्रिय शेतीचा गौरव होतो, तिच्या एका मोठ्या प्रयोगामागे कापसाच्या गाठीवरील आणे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मात्र त्या व्यवस्थेत एक उणीव राहिली. संशोधनाचा खर्च सर्वांनी उचलला. पण संशोधन संस्थेच्या कुंपणाबाहेर आले आणि कास्तकाराच्या शेतात शिरले, की पुढची सर्व जोखीम त्याच्या एकट्याच्या माथी येत असे.

प्रयोग एकट्याने करून चालत नाही, ह्याचा अलीकडचा धडा गुलाबी बोंडअळीने दिला. ही अळी बोंडाच्या आत शिरून सरकी खाते; बाहेरून बोंड चांगले दिसते आणि वेचणीच्या वेळी कवडी हाती येते. जे बी. टी. बियाणे तिला मारीत असे, त्याला ती हळूहळू सरावली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिचा मोठा उद्रेक झाला. तिच्या जीवनक्रमात मात्र एक दुबळा दुवा आहे. ती मुख्यतः कपाशीवरच जगते. उलंगवाडी होताच शेत मोकळे केले आणि चार-सहा महिने तिला कपाशी मिळू दिली नाही, तर तिची साखळी तुटते. परंतु पाण्याची सोय असलेला शेजारी आणखी दोन-चार क्विंटल कापसाच्या आशेने फरदड ठेवतो, बांधावर रचलेल्या पऱ्हाटीतील अर्धवट बोंडांत अळ्या सुप्त राहतात आणि जिनिंग कारखान्याच्या आवारात साठलेल्या सरकीतून पतंग बाहेर पडतात. एका कास्तकाराने आपले शेत कितीही स्वच्छ ठेवले, तरी सभोवतालच्या शंभर एकरांतून पतंग येणारच.

नर पतंगांना भुलविणारे कामगंध सापळे किंवा झाडांना बांधावयाच्या गंधयुक्त दोऱ्या ह्यांचेही असेच आहे. अशा दोऱ्यांचा गंध शेतभर पसरला म्हणजे नराला मादीचा माग लागत नाही आणि फलित अंड्यांची संख्या घटते. हा उपाय पाच एकरांच्या एकाकी तुकड्यावर केला तर बाहेर फलित झालेली मादी उडत येऊन तेथे अंडी घालते. सबंध शिवारावर केला तरच तो लागू पडतो. पऱ्हाटीचा भुगा करणारे यंत्र घ्यावयाचे तर तेही एकाला परवडत नाही. गावाच्या अवजार बँकेत ते असेल तर प्रत्येकाला भाड्याने मिळते. ज्या पऱ्हाटीत अळी आसरा घेते, तिचेच मग इंदूरच्या रीतीप्रमाणे खत होते. म्हणजे गाव, जिनिंगवाला, कापूस संशोधन संस्था आणि कृषी खाते ह्यांनी एकाच वेळी आपापले काम केले तरच ही सुधारणा पदरात पडते. एकेका शेतकऱ्याला वेगवेगळे अनुदान देऊन हे साधत नाही.

त्याच २०१७ सालच्या जुलै ते ऑक्टोबर ह्या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्याने आणखी एक भयंकर गोष्ट पाहिली. फवारणी करताना कीटकनाशकांची बाधा होऊन शेकडो शेतकरी व शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली होती, हवा दमट व उष्ण होती, निरनिराळी औषधे एकत्र मिसळून फवारली जात होती आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते. चौकशी झाली, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, मुखवटे व हातमोजे वाटण्यात आले. पण किती औषध, कशात मिसळून, केव्हा मारावयाचे, हा त्या हंगामात प्रत्यक्ष एक प्रयोगच चालला होता. फरक इतकाच की त्याला कोणी प्रयोग म्हटले नाही आणि त्याची किंमत रोजंदारीवर पंप पाठीला लावणाऱ्या माणसाने दिली. नव्या मार्गावर पैसा खर्च करावा की नाही, ह्या प्रश्नाचा विचार करताना जुन्या मार्गाची ही किंमत हिशेबात धरली पाहिजे.

पैसा आलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिचा मोठा वाटा पाटबंधाऱ्यांकडे गेला. २००९ नंतरच्या दशकात ह्याच सहा जिल्ह्यांत आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, राज्य सरकार आणि टाटा न्यास ह्यांच्या पैशातून केम ह्या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प चालला. २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे लोकांच्या तोंडचा पोकरा, पंधरा जिल्ह्यांतील ५,१४२ गावांसाठी सुरू झाला; त्यात यवतमाळ होतेच. त्याच सुमारास अकोल्याहून डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशनचे काम ह्या सहा जिल्ह्यांत गटागटांनी सुरू झाले. ह्या योजनांची नावे पाठ करण्यापेक्षा त्यांतील पैसा कोणत्या वाटेने वाहतो, हे पाहणे अधिक बोधप्रद ठरेल.

पहिली वाट सरकारी अनुदानाची. पोकरामध्ये गावाचा आराखडा गावातच तयार होतो, ग्राम कृषी संजीवनी समिती अर्जांना मंजुरी देते, आणि शेतीशाळेत निवडलेल्या शेतावर नवी पद्धत सर्वांना हंगामभर पाहावयास मिळते. ही शेतीशाळा फार मोलाची आहे. कारण पुस्तकातील चित्रापेक्षा शेजारच्या धुऱ्यावरील पीक कास्तकाराला अधिक पटते. परंतु वैयक्तिक अनुदान बहुधा काम पुरे झाल्यावर, तपासणी होऊन खात्यात जमा होते. आधी खर्च करण्याची ज्याची ऐपत आहे त्याला हे सोयीचे. ज्याच्याजवळ पेरणीलाच पैसा नाही, त्याला नंतर मिळणारे अनुदान घेता येत नाही. सेंद्रिय शेतीच्या केंद्रीय परंपरागत कृषी विकास योजनेत गट करून तीन वर्षे मदत देण्याची पद्धत आहे, आणि गटातील शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेते तपासून प्रमाणपत्र देण्याची सोयही आहे. तीन वर्षांची मुदत शास्त्राला धरून आहे. अलीकडच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये धरलेले असून त्यांतील १५,००० रुपये थेट शेतकऱ्याकडे जातात. ह्याचा हिशेब वर्षाला एकरी सुमारे दोन हजार रुपये होतो. घटलेल्या उत्पन्नाची तूट ह्यातून कितपत भरेल, हे कापसाचा भाव ठाऊक असणाऱ्या कोणालाही सांगावयास नको.

दुसरी वाट व्यापाराची. बेटर कॉटन ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे काम भारतात २०११ च्या सुमारास सुरू झाले. तिच्या रचनेत कपडे विकणाऱ्या मोठ्या कंपन्या आपण घेतलेल्या कापसाच्या प्रमाणात शुल्क भरतात, त्यात देणगीदार संस्था व काही सरकारे भर घालतात, आणि तो पैसा गावोगावच्या कार्यकर्त्या संस्थांना शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मिळतो. २०१६ साली ह्यासाठी स्वतंत्र निधीही उभारण्यात आला. सुमारे पस्तीस शेतकऱ्यांचा एक अभ्यासगट आणि अशा गटांचा साडेतीन हजारांच्या आसपास शेतकऱ्यांचा एक मोठा समूह, अशी तिची बांधणी आहे. १९२३ च्या उपकराचेच हे नवे रूप होय; भेद इतका की तो कायद्याने घेतला जाई, हे शुल्क स्वेच्छेचे आहे. फवारण्या कमी करणे, किडी ओळखणे, मजुरांची सुरक्षितता ह्या बाबतींत त्याचा उपयोग होतो. पण त्यातून शिक्षण मिळाले तरी कापसाला जादा भावाची हमी मिळत नाही. बाजार समितीत त्या कापसाचा लिलाव इतर कापसाबरोबरच होतो.

तिसरी वाट न्यासांची व स्थानिक संस्थांची. ह्यांच्याजवळ पैसा थोडा असतो, पण तो लवकर हलतो आणि फसलेल्या प्रयोगाची लाज बाळगीत नाही. यवतमाळच्या दिलासा संस्थेने नाल्यांच्या पात्रात ओळीने डोह खोदून पाणी अडविण्याची पद्धत रूढ केली. पाऊस थांबल्यानंतरही त्या डोहांत पाणी राहते आणि काठच्या शेतकऱ्याला एखाददुसरे संरक्षक ओलीत देता येते. वर्ध्याच्या धरामित्र संस्थेने तारक काटे ह्यांच्या मार्गदर्शनाखाली सेंद्रिय शेतीचे काम ह्या भागातील लहान शेतकऱ्यांबरोबर केले. अशा संस्थांनी दाखविलेले पुढे सरकारी योजना उचलतात, हा क्रम पुष्कळदा दिसून येतो.

ह्या तिन्ही वाटांच्या आधी स्वतःच्या खिशातून प्रयोग करणारेही जिल्ह्यात होते. यवतमाळजवळच्या छोटी गुजरी येथील सुभाष शर्मा ह्यांनी प्रारंभीची अनेक वर्षे रासायनिक पद्धतीने शेती केली. खर्च वाढत आणि उत्पन्न घटत चालल्याचे पाहून त्यांनी १९९० च्या दशकात मार्ग बदलला. गाय, झाड, पक्षी आणि पिकांचे अवशेष ह्यांना शेतीचे भांडवल मानून, उताराला आडवे चर काढून त्यांनी पाणी शेतात मुरविले व जमीन पुन्हा उभी केली. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे यश थोर आहे. परंतु त्यावरून प्रत्येकाने असेच करावे असा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि जमीन मक्त्याची आहे, त्याला एवढा धीर धरण्यास अवधी मिळत नाही. असल्या धीराची सोय सार्वजनिक पैशाने करावयाची असते.

ह्या सर्व अनुभवातून सामुदायिक प्रयोगासाठी पैसा कसा असावा, ह्याविषयी काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. तो मृगाच्या आधी हाती यावा. तो तीन वर्षे अखंड मिळावा आणि पहिल्या वर्षी उत्पन्न घटले म्हणून थांबू नये. तो एका शेताला नव्हे तर सबंध शिवाराला मिळावा, आणि त्या शिवारात मक्त्याने कसणारे, फवारणारे मजूर व निंदण-वेचणी करणाऱ्या स्त्रिया ह्यांची गणना व्हावी. सात-बाऱ्यावर नाव नसलेल्यांचे श्रम प्रयोगात असतात, तर त्यांचा वाटा लाभातही असावा. कोणता प्रयोग करावयाचा हे ठरविताना कास्तकार संशोधकाच्या शेजारी बसावा. गावाने एकाच वाणाचा स्वच्छ कापूस पिकविला तर त्याच्या स्वतंत्र गाठी बांधून विकण्याची सोय असावी, म्हणजे अनुदान संपल्यावरही सुधारणा टिकते. आणि प्रयोग फसला तर त्याचा अहवाल प्रामाणिकपणे लिहिला जावा व तोटा भरून दिला जावा. तसे झाले नाही तर पुढच्या वर्षी त्या गावात कोणीही नव्या गोष्टीला हात लावणार नाही.

शहरातील कुटुंबाचा ह्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. एका सदऱ्यात पाव किलोच्या आसपास रुई असते. कापसाची गाठ १७० किलोंची धरतात. जुन्या उपकराच्या धर्तीवर गाठीमागे १७० रुपये प्रयोगासाठी बाजूला काढले, असे उदाहरणादाखल समजले, तर त्याचा भार एका सदऱ्यामागे पंचवीस पैशांहून अधिक पडत नाही. ज्या जोखमीने यवतमाळच्या एका कुटुंबाचे वर्ष बुडते, तीच जोखीम कापूस अंगावर घालणाऱ्या सर्वांत वाटली तर कोणाला जाणवणारही नाही. शंभर वर्षांपूर्वी काही आण्यांच्या उपकराने हे तत्त्व अर्धे अमलात आणले; त्याचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे कास्तकाराच्या स्वतःच्या शेतातील जोखीम, अजून वाटून घ्यावयाचा आहे. पुढच्या मृगाच्या आधी तेवढे झाले, तर झरी जामणीच्या बरडावरील कास्तकारालाही आपल्या पाच एकरांत काही नवे करून पाहण्याची हिंमत होईल.